तुरटीच्या पाण्यातले मुळे

१६ जून, रविवार
इतक्या दिवसांनी लिहितो आहे त्याबद्दल माफी असावी. कोणाची माफी मागतो ते माहीत नाही, वही माझीच आहे. शाळेत पत्राची सुरुवात एवढीच शिकवली होती, दुसरी येत नाही. मे महिन्यात इथं अमेरिकेत मुलाकडे आलो तेव्हापासून एक ओळ नाही.

कालचा बाजार बरा झाला. मुळे, मेथी, कोथिंबीर, रायो. रायो म्हणजे मोहरीचा पाला. टीकाराम म्हणून इथला एक नेपाळी शेतकरी आहे, तो पिकवतो, मी मांडतो. सांगलीत पस्तीस वर्षं भाजी विकली, मांडणी हातात बसलेली आहे. इथं जुडी बांधायला केळीच्या सालीचा सोप नाही, रबर लावतात. सुटतं.

मुलानं, निलेशनं, पुन्हा बजावलं. "बाबा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. गाळ्यावर बसायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही. गप्पा मारा हवं तर." मी म्हटलं, गप्पाच मारतो. पैसे टीकारामच घेतो, ते खरं आहे. पण उगाच धाकधूक होते.

पाऊस सहा दिवस सलग. टीकारामचं शेत नदीकाठच्या खोलगटात. वरची जमीन भाड्यानं मिळत नाही, मिळते ती अशीच. मला सांगलीचं पाणी आठवतं. त्याला म्हटलं, नदीवर लक्ष ठेव. तो हसला.

२२ जून, शनिवार
टीकाराम बाजारात आला नाही. मृणालनं, म्हणजे सुनेनं, मला सोडलं आणि गेली. रिकाम्या जागेपाशी दोन तास उभा. इथं खाली बसायलाही काही नसतं. शेवटी फोन आला. "दाइ, नदी आ गया." एवढंच. दाइ म्हणजे थोरला भाऊ, मला तो तसंच म्हणतो. मागे पवित्राचा, त्याच्या बायकोचा आवाज. रडत नव्हती, कोणाला तरी ओरडून काही सांगत होती.

२४ जून
मृणालनं दुपारची मीटिंग कॅन्सल केली आणि मला शेतावर नेलं. रस्ता संपतो तिथं पाणी. टोमॅटोच्या काठ्यांची टोकं दिसत होती, बाकी काही नाही. कडेच्या पाण्याखाली मिरचीची रोपं उभी, त्यांच्यामधून एक जाडा मासा सावकाश चालला होता. पाण्याला डिझेलचा आणि गोठ्याचा वास.

पवित्रा विळा हातात घेऊन रस्त्यावर उभी. कापायला काही नाही, तरी विळा.

पलीकडे मक्याची मोठी शेतं, तीही पाण्यात. मृणाल म्हणाली मक्यावाल्यांचा विमा असतो. मुळ्या-मेथीचा नसतो.

हे लोक भूतानचे नेपाळी. तिथून हाकलले, मग अठरा वर्षं नेपाळात छावणीत, मोजून मिळणाऱ्या तांदळावर. इथं येऊन वर्षाचं खाणं स्वतः पिकवायला लागले याचं टीकारामला केवढं कौतुक. शनिवारच्या बाजारावर भाडं निघतं. विकून उरलेला पाला पवित्रा आंबवते, वाळवते. त्याला ती गुंद्रुक म्हणते. सगळा हिवाळा त्याचं आंबट कालवण आणि भात. ते सगळं आता त्या पाण्याखाली.

घरी येऊन जेवण गेलं नाही. बीपीची गोळी घेतली का नाही, आठवत नाही. पुन्हा घेतली नाही.

२९ जून
आजही जागा रिकामी. तिसऱ्या शनिवारी आला नाही तर जागा जाते, असा बाजाराचा नियम. म्हणजे पुढच्या शनिवारी काहीही घेऊन यायलाच हवं.

जमीन देणाऱ्या संस्थेची बाई सगळ्यांना सांगून गेली, टीकारामनं फोनवर सांगितलं. ज्या भाजीला पुराचं पाणी लागलं ती विकायची नाही, खायची नाही, कोणाला द्यायची नाही. उपटून नांगरून टाकायची. मी म्हटलं, मुळासुद्धा? जमिनीच्या आत असतो तो. "मूला भी, दाइ. नियम है."

मला पटलं नाही. आमच्याकडे कृष्णा दर दोन-चार वर्षांनी आत यायची. पाणी ओसरलं की बादलीत तुरटी फिरवायची, गाळ तळाशी बसू द्यायचा, वरच्या नितळ पाण्यात भाजी धुवायची आणि बाजारात मांडायची. माझ्या आईनं तेच केलं, मी तेच केलं. त्या दिवसांत दुसरं खायला होतं तरी काय.

४ जुलै
इथला सण, सगळ्यांना सुट्टी. मृणालनं शेतावर सोडलं, चार तासांनी येते म्हणाली.

पाणी उतरलं आहे. खालच्या भागात नुसता काळा चिखल आणि कुजका वास. मिरच्या, भोपळे, काकड्या, टोमॅटो, सगळी रोपं झोपलेली. पुन्हा लावायला हंगाम उरला नाही, इथं सप्टेंबरच्या शेवटी थंडी येते.

पण वरच्या अंगाच्या चार सऱ्या. तिथं पाणी एकच दिवस होतं. मुळे ताठ उभे. मनगटाएवढे, पांढरे.

टीकाराम एकेक उपटून ढिगावर टाकत होता. मी विचारलं, जनावरालासुद्धा नाही? नाही म्हणाला. पवित्रानं पाठ फिरवली आणि खालच्या चिखलात जाऊन काठ्या गोळा करत बसली. आम्ही दोघं उपटत राहिलो. तो मुळ्यांकडे बघत नव्हता. मी बघत होतो.

ते दोघं काठ्या व्हॅनमध्ये ठेवायला गेले तेव्हा मी ढिगातल्या मुळ्यांची दोन पोती भरली. मृणाल आली. कुठले मुळे, म्हणाली. मी म्हणालो, वरच्या कोरड्या वाफ्यातले, टीकारामनं दिले. तिनं डिकी उघडली.

असं का म्हणालो. खरं सांगितलं असतं तर तिनं डिकी उघडली नसती, म्हणून.

५ जुलै
आज बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. मृणाल तिच्या खोलीत कामाच्या फोनवर, मी गॅरेजमध्ये. निळा टब. दाढीनंतर लावतो तो तुरटीचा खडा सांगलीहून आणलेला, तोच पाण्यात फिरवला. गाळ बसला. पाणी बदललं, पुन्हा फिरवला. तीनदा. पाल्याच्या काड्या कापल्या, पांढरे शुभ्र निघाले. बारा-बाराच्या ओळी लावून ओल्या फडक्याखाली ठेवले. एक चिरून दुपारी मीठ लावून खाल्ला. गोड होता.

टीकाराम उद्या रिकामा उभा राहणार नाही. त्याला आधी सांगायचं नाही. सांगितलं तर नको म्हणेल.

६ जुलै, शनिवार
क्रमानं लिहितो.

टीकाराम आला होता. त्याच्या टेबलावर गॅलरीतल्या कुंड्यांतली कोथिंबीर, सात-आठ जुड्या, बस्स. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मदतीचे फॉर्म भरून घेत होते, तिकडे तो आणि पवित्रा गेले. मला म्हणाला, दाइ, जरा बघा. मी मुळे काढले, मनोरा लावला, पाणी शिंपडलं. लोक थांबायला लागले. एका बाईनं चार घेतले, माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. पैसे डब्यात तिनेच टाकले, मी हात लावला नाही.

टीकाराम परत आला. लांबूनच थांबला.

तेवढ्यात बाजार बघणारी बाई आली, पिवळ्या ॲप्रनवाली. नदीकाठच्या शेतांची यादी तिच्या हातात. मुळ्यांकडे बोट करून तिनं विचारलं कोणाचे. एवढं इंग्रजी मला कळतं.

टीकारामनं मुळ्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "माईन."

पुराच्या शेतातले का, तिनं विचारलं. तो हो म्हणाला.

मला तेव्हा बोलता आलं असतं. नो, आय, मी, एवढं तरी. ती मला विचारेल तुम्ही कोण, इथं काय करता. व्हिसा. निलेशची नोकरी. हे सगळं एका दमात डोक्यात आलं आणि मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. बाईनं मुळे काळ्या पिशवीत भरायला लावले. पवित्रानं भरले. मी लावलेली ओळ न् ओळ.

१० जुलै
टीकारामची जागा या हंगामापुरती बंद. बाजारानं सगळ्यांना कळवलं की शनिवारी मुळे घेतले असतील तर फेकून द्या. मृणालनं फोनवर वाचलं. माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा, ते आपल्या गॅरेजमधले होते का?"

मी म्हटलं, मला काय माहीत, बाजारात मुळे काय एकाकडेच असतात.

तिनं पुढं विचारलं नाही. दुपारी टब घासून धुतलेला दिसला. गॅरेजभर ब्लीचचा वास.

२० जुलै
बसनं, दोन ठिकाणी बदलून, टीकारामच्या घरी गेलो. तीन वेळा चुकलो.

गॅलरीत पाला वाळवायचा बांबूचा सांगाडा आहे, त्यावर टॉवेल वाळत होता. स्वयंपाकघरात ओट्यावर अन्नवाटप केंद्रातून आलेला खोका. डबाबंद मका, कसल्याशा शेंगा, मॅकरोनी, पीनट बटर. पवित्रानं एक डबा पुढं करून विचारलं हे काय आहे, कसं खातात. मी चष्मा लावून वाचलं, मलाही कळलं नाही. दोघंही डब्यावरच्या चित्राकडे बघत होतो.

जेवायला वाढलं. भात, पातळ डाळ आणि मागच्या वर्षीच्या मुळ्याचं लोणचं, बरणीच्या तळाचं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "खाओ दाइ. आपका वाला मूला तो इससे भी साफ था."

टीकारामनं तिला नेपाळीत काहीतरी म्हटलं. ती आत गेली.

मी म्हटलं, मी जाऊन सांगतो बाईला, माझे होते म्हणून. तो म्हणाला तुम्ही परदेशी पाहुणे, तुम्हाला पाठवून देतील, राहू द्या. मग म्हणाला, "फेंकते समय मेरा भी हाथ रुकता था, दाइ. पर मैंने फेंका."

लोणचं खाल्लं. खाल्लं नाही असं कसं करणार.

४ ऑगस्ट
फोन केला. टीकाराम कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात लागला. उजाडायच्या आत व्हॅन येते, दीड तासाचा रस्ता. आत बर्फासारखी थंडी, बोटं वळत नाहीत म्हणाला. या माणसानं कोंबडी कधी खाल्ली नाही. मी विचारलं, मग कसं करतोस. "नाक से साँस नहीं लेता."

जमिनीचं विचारलं. बघू म्हणाला.

मदतीचा फॉर्म परत आला. मागच्या वर्षी काय पिकवलं याचे कागद मागतात. त्यानं पिकवलं ते खाल्लं आणि विकलं. त्याचे कागद कुठले.

२४ ऑगस्ट
मृणालबरोबर बाजारात गेलो. जायला नको होतं. टीकारामच्या जागी साबणवाला. लव्हेंडरचे साबण मांडले होते, मागची चढती ओळ नाही, सगळं सपाट. माझा हात पुढं गेला होता, आवरला.

मेथी कुठंच नव्हती. जूनमध्ये दर शनिवारी नेणारी एक तेलुगु आजी मला ओळखून थांबली, मेथीवाला कुठं गेला, म्हणाली. मी तिला नदीबद्दल सांगितलं. मुळ्यांबद्दल नाही.

३१ ऑगस्ट
टीकाराम फोन उचलत नाही. कामावर असेल. रविवारी करून बघतो.

१ सप्टेंबर
उचलला नाही.

८ सप्टेंबर
मृणालला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, डिकीपासून. तिनं गॅस बंद केला.

"मला माहीत होतं बाबा. तुम्ही सांगाल म्हणून दोन महिने वाट बघितली." मग म्हणाली, "त्या पाण्यात सिव्हेज असतं, शेतातली केमिकल्स असतात. तुरटीनं फक्त दिसायला क्लिअर होतं. कोणी आजारी पडलं असतं तर? मीच ड्राइव्ह करून आणले ते."

पस्तीस वर्षांत मी असे किती जणांना विकले असतील. आमच्या बाजूला साखर कारखाने, गावागावांची गटारं, सगळं कृष्णेतच. पुरानंतर गल्लीत पोरांना जुलाब व्हायचे. आम्ही म्हणायचो, हवा बदलली.

हे आजपर्यंत डोक्यात कसं आलं नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार
मृणालनं दोन-तीन दिवस कामापुरतंच बोलणं ठेवलं. काल संध्याकाळी म्हणाली, उद्या तयार राहा.

पिवळ्या ॲप्रनवाल्या बाईकडे गेलो. मी मराठीत सांगितलं, मृणालनं इंग्रजीत. मी उपटलेले, मी धुतलेले, मी मांडलेले, त्याला माहीत नव्हतं. बाईनं सगळं लिहून घेतलं, मी सही केली. व्हिसाचं विचारलंच नाही. दोन महिने ज्याला भ्यालो ते तिनं विचारलंसुद्धा नाही.

तिनं एवढंच विचारलं, मुळे माझे नाहीत असं तो त्या दिवशी का म्हणाला नाही. मृणालनं मला विचारलं. मी म्हणालो, मी त्याच्यापेक्षा मोठा आहे म्हणून.

बाई म्हणाली पुढच्या वर्षी जागा परत मिळू शकते. पण अर्ज शेतकऱ्यानं स्वतः करायचा, सही त्याचीच, ऑक्टोबर संपायच्या आत. जमिनीचंही तसंच, त्याच तारखेला. नाही आला तर दोन्ही दुसऱ्याला. माझी सही चालेल का विचारलं. नाही.

बाहेर येऊन टीकारामला फोन लावला. नंबर बंद आहे असं बाई इंग्रजीत सांगते. मृणालनं तिच्या फोनवरून लावला. तीच बाई.

१५ सप्टेंबर
घरी गेलो. दारावर दुसरं नाव. खालच्या मजल्यावर एक नेपाळी बाई भेटली, म्हणाली महिना झाला, ओहायोला गेले, पवित्राच्या भावाकडे. तिथं गोदामात काम आहे. पत्ता? नाही. नंबर? भावाचं नाव काय? तिला माहीत नाही. कोणाला तरी विचारते म्हणाली. मृणालनं तिला आपला नंबर दिला, दोनदा लिहून.

गॅलरीत बांबूचा सांगाडा तसाच. नव्या माणसानं त्यावर सायकल टेकवली आहे.

२९ सप्टेंबर
शेतावर गेलो. मृणाल गाडीतच बसली.

गाळ वाळून त्याला भेगा पडल्या आहेत. वरच्या सऱ्यांत आम्ही उपटताना काही मुळे राहिले असावेत, त्यांना शेंगा येऊन वाळून गेल्या. दोन-चार शेंगा खिशात घातल्या, मग काढून टाकल्या. पुराच्या पाण्याचं बी. चालतं का नाही, कोणाला विचारू.

बाजूच्या तुकड्याला नवीन पाटी लागली आहे. कोणीतरी घेतला. टीकारामच्या तुकड्याला अजून पाटी नाही.

१२ ऑक्टोबर
सकाळी बर्फासारखं दव. निलेशनं तिकीट दाखवलं, अठ्ठावीसला सोमवारी निघायचं. म्हणाला, बाबा, तुम्ही शक्य ते केलंत. तो चांगल्या मनानं म्हणतो. मी केलं ते सप्टेंबरात. करायचं होतं जुलैत.

तिथं त्यांना खायला काय मिळत असेल. भावाच्या घरी पाहुणे किती दिवस. पवित्रा गुंद्रुक कशाचं करणार, गोदामात काय उगवतं.

१९ ऑक्टोबर
मृणालला आठवलं की जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं तर पोस्टवाले नव्या पत्त्यावर पाठवतात, त्यांनी पत्ता बदल कळवला असेल तर. असेल तर.

टीकारामला वाचता येत नाही. पण पवित्रा छावणीतल्या प्रौढ शाळेत शिकली, आणि नेपाळीची अक्षरं आपलीच आहेत. म्हणून मीच लिहिलं, हिंदीत, मोठ्या अक्षरांत. अर्जाचे कागद मृणालनं छापून आत घातले, सही कुठं करायची तिथं पिवळी चिठ्ठी लावली. परत पाठवायला वेगळं पाकीट, तिकीट लावून. तुरटीबद्दल लिहिलं ते दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं.

पोस्टातल्या माणसाला विचारलं किती दिवस लागतील. त्यानं खांदे उडवले.

२३ ऑक्टोबर
काही नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे कुठंतरी गेलं. का नुसतंच पडून आहे.

खालच्या मजल्यावरच्या बाईला मृणालनं फोन केला. विचारते आहे म्हणाली. हेच मागच्या वेळी म्हणाली होती.

२६ ऑक्टोबर, शनिवार
बाजाराचा आज शेवटचा दिवस होता. गेलो नाही. बॅग भरली. तुरटीचा खडा बॅगेत घातला, बाहेर काढला, कचऱ्यात टाकला, पुन्हा काढला. बेसिनपाशी ठेवला आहे.

गुरुवारी तारीख संपते. आता नव्यानं पत्र टाकलं तरी पोचणार नाही, म्हणून इथंच लिहितो.

टीकाराम, बाईला सगळं खरं सांगितलं आहे. तुझं नाव स्वच्छ आहे. जागा आणि तुकडा दोन्ही अजून तुझ्याच नावावर आहेत, फक्त तुझी सही लागते. माझी चालत नाही, मी विचारलं. तुला ती खोल जमीन नको असेल तर तसं सांग, मी त्याचं वाईट वाटून घेणार नाही. पण जमीन नको आहे का माझं पत्रच मिळालं नाही, एवढं मला कळू दे. पवित्राला म्हणावं टोमणा मार, पण फोनवर मार. सोमवारी दुपारपर्यंत मी या घरी आहे. त्यानंतर मृणाल आहे, नंबर तोच, पत्राच्या मागेही लिहिला आहे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. नुसता मिस्ड कॉल दे, ओहायोचा नंबर दिसला की आम्ही समजू.